विंडोज ११ काढून विंडोज १० टाकलं: वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असणाऱ्यांना शेवटपर्यंत वाचत बसायला नको. विंडोज १० अजूनही मस्त चालतं, माझं काम त्याच्यावर एकदम सुरळीत होतंय, आणि तरीही कुणी विचारलं तर बहुतेकांना मी हे करू नका असंच सांगेन. विंडोज १० बद्दल माझी काही तक्रार नाहीये. पण जो लॅपटॉप पहिल्या दिवसापासून ११ घेऊन आलाय त्याच्यात १० बसवायचं म्हटलं की विंडोज टाकणं हा सगळ्यात सोपा भाग असतो, सगळा वेळ जातो तो ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला प्रत्येक उपकरण चालवता यावं म्हणून लागणारी छोटी सॉफ्टवेअर, गोळा करण्यात, आणि ते करायची तयारी नसेल तर अर्ध्यात अडकलेला लॅपटॉप घेऊन बसावं लागतं.

माझी गरज काय होती ते सांगते. मी आवाजाचं रेकॉर्डिंग करते आणि माझा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणारा डबा, बराच जुना आहे. आवाज अजूनही सुंदर पकडतो, माइकचा आवाज वाढवणारे प्रीॲम्प शांत आहेत, बदलायचं काही कारणच नाही. पण बनवणाऱ्या कंपनीने त्याचा ड्रायव्हर विंडोज १० पर्यंतच दिला आणि नंतर हात झटकले. तो ड्रायव्हर ११ वर इन्स्टॉल व्हायचा, पण मेमरी इंटिग्रिटी ही विंडोजची सुरक्षेची सोय चालू असली की लोडच व्हायचा नाही, आणि ती बंद केली की लोड व्हायचा पण रेकॉर्डिंगमध्ये मधूनच टक् टक् असा आवाज. बफर, म्हणजे आवाज पुढे पाठवायच्या आधी साठवून ठेवायची जागा, वाढवला की टकटक कमी होते पण मग हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज उशिरा ऐकू येतो, आणि ज्याने कधी असा मागून येणारा स्वतःचा आवाज ऐकत वाचायचा प्रयत्न केलाय त्याला माहितीये, दोन वाक्यांत जीभ अडखळायला लागते. तर हे कारण होतं. ठोस कारण. चांगलं चालणारं उपकरण निव्वळ ड्रायव्हर नाही म्हणून अडगळीत टाकणं मला पटत नाही, म्हणून हा खटाटोप.

तुमचं कारण नुसतं "११ चं रूप आवडत नाही" एवढंच असेल तर जरा थांबा. टास्कबारची आयकॉन मधून डावीकडे न्यायची सोय सेटिंगमध्येच आहे, शिफ्ट दाबून राइट क्लिक केलं की जुना पूर्ण मेनू उघडतो, टास्कबारवर प्रत्येक विंडो नावासकट वेगळी दाखवायची सोय ११ च्या २३एच२ आवृत्तीपासून परत आलीय. जुनं एखादं उपकरण चालत नसेल तर विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनमध्ये जाऊन मेमरी इंटिग्रिटी बंद करून बघा, सुरक्षा थोडी कमी होते हे खरं, पण बऱ्याच वेळा घोडं तिथेच अडलेलं असतं. लॅपटॉप हळू वाटत असेल तर आधी स्टार्टअपला काय काय चालू होतं ते बघा, चार जीबी रॅमवर १० टाकलं म्हणून तो पळायला लागणार नाही.

आता, ज्यांचा लॅपटॉप मुळात १० वर होता आणि अपग्रेड करून ११ झालाय त्यांचं काम खूप सोपं. अपग्रेड झाल्यापासून १० दिवसांच्या आत सेटिंगमध्ये सिस्टम, मग रिकव्हरी आणि तिथे गो बॅक. जुनी सिस्टम विंडोज डॉट ओल्ड नावाच्या फोल्डरमध्ये तशीच ठेवलेली असते, ती परत जागेवर येते, तुमच्या फाइल राहतात, मधल्या काळात टाकलेले प्रोग्राम मात्र जातात. फक्त डिस्क क्लीनअप करताना जागा मोकळी करायच्या नादात ते फोल्डर उडवलंत तर गो बॅक गेलं, आणि १० दिवसांनंतर विंडोज स्वतःच ते काढून टाकतं. ही मुदत डीआयएसएम या विंडोजमधल्याच टूलच्या कमांडने ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण ती वाढवायची १० दिवस संपायच्या आत, नंतर उपयोग नाही. ११ नवीन नवीन टाकलं असेल आणि मनात थोडीही शंका असेल तर त्याच दिवशी मुदत वाढवून ठेवा, त्यात नुकसान काहीच नाही, थोडी डिस्क अडकून राहते इतकंच.

माझा लॅपटॉप त्या गटातला नाही. इंटेलचा ११ व्या पिढीचा प्रोसेसर, ११ आधीपासून टाकलेलं, म्हणजे गो बॅक बटण राखाडी. पूर्ण पुसून नव्याने टाकायचं हाच रस्ता.

लायसन्सचं आधी बघा. लॅपटॉपबरोबर विंडोज ११ प्रो आलेलं असेल तर लायसन्सच्या अटींमध्येच १० प्रो वर उतरायचा हक्क दिलेला आहे. होमला तसा हक्क लिहिलेला नाही, म्हणून सेटिंगमध्ये ॲक्टिव्हेशनच्या पानावर आपलं एडिशन कुठलं ते नीट वाचून ठेवा. माझं प्रो होतं, सेटअपमध्ये प्रो च निवडलं, प्रॉडक्ट की कुठेही टाइप करावी लागली नाही, इंटरनेट जोडल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट झालं. इथे पैकीच्या पैकी मार्क.

तयारीला मात्र भरपूर वेळ द्या, आणि हे सगळं ११ चालू असतानाच करायचं, कारण नंतर करायला लॅपटॉपच हातात नसतो. फाइलींचा बॅकअप तर आहेच, तो बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि दोन-चार फाइल उघडून बघा. मग बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचं सगळं कुलूपबंद ठेवणारं विंडोजचं एन्क्रिप्शन. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क एन्क्रिप्शन आधीपासूनच चालू असतं आणि मालकाला ते माहितीही नसतं, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) काही बदललं की निळा पडदा येतो आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते, आधीच बघून कागदावर उतरवा, किंवा एन्क्रिप्शन बंद करूनच पुढे जा. तिसरी गोष्ट रिकव्हरी ड्राइव्ह. कंपनीने लॅपटॉपमध्ये ठेवलेलं रिकव्हरी पार्टिशन पूर्ण पुसताना जातं, आणि उद्या ११ वर जसंच्या तसं परत जायचं असेल तर तोच आधार असतो, म्हणून एका वेगळ्या पेन ड्राइव्हवर तो बनवून कपाटात ठेवा.

आणि मग ड्रायव्हर. लॅपटॉप कंपनीच्या सपोर्टच्या पानावर आपला मॉडेल नंबर टाकून सिस्टमच्या यादीत विंडोज १० निवडता येतं का ते बघा. येत असेल तर निम्मी लढाई जिंकली. ११ वी, १२ वी पिढी असलेल्या बऱ्याच मॉडेलना दोन्हीचे ड्रायव्हर मिळतात कारण ती विकली जात होती तेव्हा दोन्ही विंडोज बाजारात होती (११ आलं ऑक्टोबर २०२१ मध्ये), त्यानंतरच्या मॉडेलना शक्यता कमी कमी होत जाते. यादीत १० नसेलच तर माझा सल्ला इथेच थांबा. आणि यादीत असलं तरी एक काम जास्तीचं करा, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून पीएनपीयुटिल या विंडोजमधल्याच टूलने सध्या चालू असलेले सगळे ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये एक्स्पोर्ट करून ठेवा. ११ चे बरेच ड्रायव्हर १० वर चालतात, सगळे नाही, पण ऐन वेळी कुठला उपयोगी पडेल सांगता येत नाही.

इन्स्टॉलेशनसाठी मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल आणि ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. आयएसओ, म्हणजे विंडोजच्या इन्स्टॉलेशनची अख्खी फाइल, अधिकृत ठिकाणाहूनच घ्या हे वेगळं सांगायला नको पण सांगतेच, कारण "हलकं केलेलं विंडोज" म्हणून फिरणाऱ्या आयएसओमध्ये काय काढलंय आणि काय घातलंय ते कुणालाच माहीत नसतं.

पेन ड्राइव्हवरून बूट झालं, भाषा निवडली, कस्टम इन्स्टॉल निवडलं, आणि जिथे डिस्क दिसायला हवी तिथे यादी रिकामी. एक ओळ फक्त, ड्राइव्ह सापडली नाही, स्टोरेज ड्रायव्हर द्यायचा असेल तर लोड ड्रायव्हर दाबा. हे बघून भलेभले घाबरतात, एसएसडी मेली की काय वाटतं. एसएसडीला काही झालेलं नसतं. ११ व्या पिढीपासून इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एसएसडी थेट न दिसता व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरच्या मागे असते आणि विंडोज १० च्या सेटअपमध्ये त्याचा ड्रायव्हरच नाही. उपाय दोन आहेत. बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करायचं, किंवा इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजीचा ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवर ठेवायचा. बायोसचा रस्ता सोपा दिसतो पण कित्येक लॅपटॉपमध्ये तो पर्याय दाखवतच नाहीत, आणि बंद केलं की आधीचं ११ बूट होणं थांबतं, म्हणजे मध्येच विचार बदलला तर आधी ते परत चालू करायला लागतं.

मी ड्रायव्हरचा रस्ता घेतला. यात एक बारकावा आहे. ड्रायव्हर सेटअपच्या एक्झी फाइलच्या रूपात मिळतो आणि ती एक्झी तशीच पेन ड्राइव्हवर टाकून काही होत नाही, विंडोजच्या सेटअपला आयएनएफ फाइल लागते. एक्झी आधी फोडून आतलं व्हीएमडीचं फोल्डर बाहेर काढायचं आणि ते फोल्डर पेन ड्राइव्हवर टाकायचं. मग लोड ड्रायव्हर, ब्राउझ, ते फोल्डर, ओके, आणि यादीत आयआरएसटी व्हीएमडी कंट्रोलर ९ए०बी अशी ओळ आली. ती निवडून नेक्स्ट दाबलं, काही सेकंद पट्टी सरकली आणि एसएसडीची सगळी पार्टिशन एकाखाली एक हजर. जीव भांड्यात पडला! हे सगळं माउसने, कारण सेटअपमध्ये टचपॅड चालत नव्हतं, त्याला इंटेलचा सीरियल आयओ ड्रायव्हर लागतो आणि तोही नंतरच मिळतो. यूएसबीचा साधा माउस जवळ ठेवाच.

पुढचं इन्स्टॉलेशन काही विशेष नाही. सेटअपने इंटरनेट मागितलं, ते नाही असं सांगून पुढे जाता येतं आणि साधं लोकल अकाउंट बनवता येतं.

पहिल्यांदा डेस्कटॉप आला तेव्हाचं चित्र मात्र दयनीय असतं, तयारीत राहा. सगळं मोठं मोठं आणि फुगलेलं कारण ग्राफिक्सला मायक्रोसॉफ्टचा बेसिक डिस्प्ले ड्रायव्हर लागलेला असतो, ब्राइटनेसची पट्टी हलत नाही, आवाज नाही, वाय-फाय नाही, आणि डिव्हाइस मॅनेजर उघडला की पिवळ्या उद्गारचिन्हांची रांग. वाय-फाय नसल्यामुळे विंडोज अपडेटही काही करू शकत नाही, इथेच लोक अडकतात. यूएसबी केबलने फोन जोडा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा म्हणजे फोनचं इंटरनेट लॅपटॉपला मिळतं, ॲंड्रॉइड फोन असेल तर विंडोज १० तो नेटवर्क कार्डसारखा लगेच ओळखतं. मग अपडेटला बसवून द्या, निम्मे ड्रायव्हर ते स्वतःच आणतं. मी मात्र चिपसेट आणि सीरियल आयओ आधी हाताने टाकले, मग ग्राफिक्स, मग वाय-फाय ब्लूटूथ, मग आवाज, कारण खालचा पाया नसेल तर वरचे काही ड्रायव्हर उपकरणच सापडत नाही म्हणतात.

शेवटी एक-दोन अननोन डिव्हाइस उरतात. त्यांच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्सच्या टॅबवर हार्डवेअर आयडी निवडला की एक लांबलचक ओळ दिसते, तिच्यात व्हेन आणि डेव्ह असे दोन कोड असतात, पहिला कंपनीचा आणि दुसरा त्या चिपचा, ८०८६ दिसलं की इंटेल समजायचं. त्यावरून ड्रायव्हर शोधता येतो. माझ्याकडे उरलेलं एक म्हणजे फंक्शन की सांभाळणारं कंपनीचं सॉफ्टवेअर निघालं, आणि त्याचा ११ वरून एक्स्पोर्ट करून ठेवलेला ड्रायव्हर १० ने मुकाट्याने घेतला. त्या एका बटणासाठी केलेला एक्स्पोर्ट वसूल झाला.

आणि मग इंटरफेस जोडला. ड्रायव्हर टाकला, रीस्टार्ट, बफर खाली आणला, लांबलचक उतारा वाचत रेकॉर्ड केला. एकही टक् नाही. हेडफोनमधला आवाज तोंडाबरोबर. ज्यासाठी हे केलं ते शंभर टक्के मिळालं, इथे मी मनापासून खूश आहे. रोजच्या वापरातही विंडोज १० मध्ये एक मोकळेपणा आहे, राइट क्लिकला सगळं एकाच मेनूत, टास्कबार डाव्या कडेला उभा ठेवता येतो आणि रुंद पडद्यावर ऑडिओचे ट्रॅक बघताना ती उंचीची जागा सोन्यासारखी वाटते.

गमावलं काय तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. फाइल एक्स्प्लोररमधले टॅब गेले आणि त्यांची आठवण रोज येते. खिडक्या पडद्यावर चटकन मांडून देणारे स्नॅप लेआउट गेले, १० मध्ये कोपऱ्यात ओढून चार भाग करता येतात पण ती सफाई नाही. वाय-फाय ६ई चं कार्ड असेल तर त्याचा ६ गिगाहर्ट्झचा पट्टा १० वर वापरता येत नाही. १२ व्या पिढीपासूनच्या बहुतेक इंटेल प्रोसेसरमध्ये मोठे आणि छोटे असे दोन प्रकारचे कोर असतात, कुठलं काम कुठल्या कोरला द्यायचं याचे इशारे हार्डवेअरकडून घेणारा शेड्युलर ११ मध्ये आहे, १० मध्ये तसा नाही. त्यामुळे अशा लॅपटॉपवर जड काम करणाऱ्यांनी १० च्या वाटेला जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यात मोठा मुद्दा सुरक्षेचा, आणि यावर मी कुणाला सूट देणार नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे ते बंद पडलं असं नाही, पण नव्याने सापडणारी भोकं बुजवणं थांबलं. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने ईएसयू म्हणजे वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवलीत, त्यासाठी २२एच२ ही आवृत्ती हवी आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट हवं. सेटिंगचा बॅकअप त्या अकाउंटशी सिंक केला तर पैसे लागत नाहीत, नाहीतर रिवॉर्डचे १,००० पॉइंट किंवा एकदाच भरायची फी असे पर्याय आहेत. विंडोज अपडेटच्या पानावर एनरोलचा दुवा येतो. लोकल अकाउंट हवं म्हणूनच १० वर आलेल्यांना हे टोचेल, पण ईएसयूशिवाय १० इंटरनेटला जोडून रोज वापरणं मला मान्य नाही. विंडोजच्या डिफेंडर अँटीव्हायरसच्या व्हायरस ओळखायच्या याद्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहेत, त्यावर विसंबून बरेच जण निर्धास्त असतात, पण याद्या वेगळ्या आणि सिस्टममधली दुरुस्ती वेगळी. दार मोडकं असताना नुसता पहारेकरी बसवून भागत नाही.

एलटीएससी हे नाव कानावर आलं असेल. १० ची ही लांब मुदतीची आवृत्ती, २०२१ ची साधी एंटरप्राइझ एलटीएससी १२ जानेवारी २०२७ पर्यंत आणि आयओटी एंटरप्राइझवाली १३ जानेवारी २०३२ पर्यंत चालणार आहे. तारखा बघून मोह होतो, पण ती संस्थांना आणि यंत्रं बनवणाऱ्यांना दिली जाते, लॅपटॉपबरोबर आलेल्या प्रो लायसन्सवर ती ॲक्टिव्हेट होत नाही.

आणि कुणी आणखी मागे, विंडोज ७ वर जायचं म्हणत असेल तर कळकळीची विनंती, नका जाऊ. त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपलाय, क्रोमची त्याच्यावर चालणारी शेवटची आवृत्ती १०९, आणि सेटअपमध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हरच नसल्यामुळे नव्या लॅपटॉपवर माउस आणि कीबोर्डसुद्धा मेल्यासारखे पडून राहतात. जुना प्रोग्राम चालवण्यापुरतंच ७ हवं असेल तर व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे आहे त्या विंडोजच्या आत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरमध्ये, इंटरनेट तोडून चालवा.

मी सध्या असं ठेवलंय. ईएसयूत नाव नोंदवलंय, रेकॉर्डिंग नसेल तेव्हा लॅपटॉप बहुतेक वेळ ऑफलाइन असतो, बँकेची आणि पैशांची कामं दुसऱ्या डिव्हाइसवर. ईएसयूची मुदत संपायच्या आधी परत ११ वर जायचं ठरलेलं आहे, लॅपटॉप त्याच्या सगळ्या अटींत बसतो आणि १० वरून ११ चं अपग्रेड फुकट आहे, त्यामुळे परतीचा रस्ता उघडा आहे. तोवर वर्ग-अनुरूप म्हणजे कंपनीचा वेगळा ड्रायव्हर न लागणारा, विंडोजच्या स्वतःच्या यूएसबी ऑडिओ ड्रायव्हरवर चालणारा इंटरफेस बघून ठेवतेय. तो मिळाला की जुना इंटरफेस एखाद्या जुन्या, इंटरनेट नसलेल्या मशीनला जोडून देईन, तिथे त्याला विंडोज १० कितीही वर्षं चालेल.